भिंतीतलं कुटार

गावात इंग्रजीत लिहिलेलं काहीही आलं की ते माझ्याकडे यायचं. फवारणीच्या औषधाचा डबा, खताच्या पोत्यावरचा मजकूर, फौजेतल्या कोणाची तार, टॉनिकच्या बाटलीवरची चिठ्ठी. किन्हीराजापासून पायी तासाभरावरचं गाव, आणि त्या गावात बी.एस्सी. झालेलं दुसरं कोणी नव्हतं. आमच्या बौद्धवाड्यात नव्हतं, पाटलांच्या आळीतही नव्हतं. पुरुष नाही, तर बाई कुठली! हे मी आजही मान वर करून सांगते. प्राणिशास्त्र घेऊन पास झाले आणि केनवडच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीत बसायचं, किन्हीराजाला उतरायचं, तिथून चालत घर.

वाचायची एक रीत पडून गेली होती. कागद घरात वाचायचा नाही. ओट्यावर, चार माणसांत वाचायचा. आधी इंग्रजीत, मोठ्यानं, मग मराठीत. नुसतं मराठी सांगितलं तर लोकांचा भरवसा बसत नसे. समोरच्या घरातले मामा सख्खे मामा नव्हते, पण सगळा वाडाच त्यांना मामा म्हणायचा. त्यांनी अकोल्याच्या जिनिंगमध्ये वीस वर्षं काढली होती. ते म्हणायचे, "आंधी इंग्रजी म्हन. कानाले बरं लागते. अर्थ मंग सांगत बस." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मोठेबाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी तिसरीत असताना गेले. पुढं मला वाढवलं, शिकवलं ते मोठेबाबा आणि मोठीआई यांनी. मोठेबाबा मातीच्या भिंती घालायचे. मालेगावपर्यंत त्यांना बोलावणी येत. पांढरी माती, पाणी आणि गव्हाचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरतो तो बारीक भुसा. हे तिन्ही पायांनी तुडवून गारा करायचा, रात्रभर मुरू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी थर चढवायचा. कुटार कमी पडलं की भिंत वाळताना तडकते. लहानपणी मीही तो गारा तुडवला आहे. दहावीच्या परीक्षेला जाताना माझ्या टाचांच्या भेगांत पांढरी माती होती.

दुष्काळ ओसरल्यावर दुसऱ्या वर्षी मोठेबाबांचं पोट बिघडलं. कधी चार-चार दिवस बाहेरच जायचं नाही, कधी रक्त. त्यांनी ते दुष्काळातल्या लाल ज्वारीवर ढकललं. सरकारनं परदेशातून आणून वाटलेली ती मिलो.

"ते जनावराचं खानं. आतड्याले चिकटून बसलं असन," ते म्हणायचे.

"दोन वर्सं झाले ती ज्वारी संपून," मोठीआई म्हणायची. "अजून चिकटूनच हाय काय? तुमच्या गाऱ्यासारखी?"

त्यांचा सदरा खांद्यावर लोंबायला लागला तेव्हा मी हट्टानं त्यांना शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तरुण सर्जन होता. पोट चाचपून त्यानं डावीकडे खाली बोट ठेवलं आणि मलाही म्हणाला, "बघा." कच्च्या कवठासारखं काहीतरी घट्ट हाताला लागलं. मग खालून नळी घालून तपासलं, तुकडा काढला. मोठेबाबा बाहेर आले ते माझ्याकडे न बघता. गुरासारखं आडवं पाडून तपासणं त्यांना फार लागलं होतं. एसटीत मालेगाव येईपर्यंत बोलले नाहीत. मालेगावला चहा घेताना म्हणाले, "आता पुन्हा नाही. कागद काय म्हनन ते म्हनन."

सर्जननं सांगितलं होतं, दहा दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट मिळेल, तो घेऊन माझ्याकडे या. मी रिपोर्ट घेतला तेव्हा त्याची बाह्यरुग्ण तपासणी संपली होती. खिडकीतून कागद घेतला, परतीच्या एसटीत दोनदा वाचला आणि किन्हीराजाला उतरले ती उड्या मारतच.

कापूस वेचणीचे दिवस होते. बाया रानातून परत आल्या होत्या. ओट्यावर मोठेबाबा, मोठीआई दारात, समोरून मामा आले, आणखी पाच-सात जण जमले. मी रीतीप्रमाणे सगळा कागद इंग्रजीतून वाचला. चारच ओळी होत्या. तुकड्यात फायब्रस टिश्यू दिसला, भरपूर फायब्रोब्लास्ट दिसले, थोडी सूज. तपासलेल्या तुकड्यात मॅलिग्नन्सीचा पुरावा नाही. आणि शेवटची ओळ: रिपीट बायोप्सी सजेस्टेड.

मग मराठी सुरू केलं.

फायब्रोब्लास्ट ही माझी ओळखीची पेशी होती. कॉलेजात जोडणाऱ्या ऊतीची स्लाइड मी स्वतः ओळखून पूर्ण गुण घेतले होते. लांबट, दोन्हीकडे टोकदार, होडीसारखी. ती तंतू विणते. जखम झाली की तिथं जमते आणि जखम बांधून काढते. पुस्तकात हेच होतं, आणि ते खरंच आहे. तर मी म्हटलं, "कॅन्सर नाही. ह्या पेशी जखम भरनाऱ्या आहेत. मोठेबाबा, तुमच्या भिंतीत कुटार असते ना, तसं हे अंगातलं कुटार. आत जखम झाली होती, ती अंगानं बांधून घेतली. हाताले जे कडक लागते ते हेच."

"म्हंजे भरून राह्यलं?" मोठीआईनं विचारलं.

"भरूनच राह्यलं."

मोठीआई दारातून आत गेली. आत ती रडत होती हे सगळ्यांना ऐकू येत होतं. मामांनी मोठेबाबांच्या पाठीवर थाप मारली, "पोट्टीनं तुले वाचवलं ना बे!" कोणीतरी म्हणालं, पौर्णिमेला विहारात खीर करू. आणि शेवटच्या ओळीचं मराठी माझ्या तोंडातच राहिलं.

काहून राहिलं, ते सांगते. विसरले नव्हते. एसटीत वाचतानाच ती ओळ मी सरकारी कागदावर असतात तसल्या ठरीव शब्दांत जमा केली होती. कागदाला शेपूट असतंच, असं म्हटलं. त्यात पुन्हा नळी म्हणजे मोठेबाबा येणार नाहीत, भांडण होईल. आणि खरं सांगायचं तर ओट्यावर इतकं छान जमून आलेलं मला मोडायचं नव्हतं. कुटाराची उपमा मला स्वतःला फार आवडली होती.

पौर्णिमेला टिनाच्या विहारात वंदना झाली, खीर झाली. गव्हाची, गुळाची. वाड्यातल्या प्रत्येक घराला गेली, पाटलांच्या आळीतही दोन घरांनी डबा नेला. मोठेबाबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि त्यांना त्या पचल्या. महिनाभर त्यांना बरंही वाटलं.

होळीच्या आधी मी शनिवारी घरी आले तर मोठेबाबा ओट्यावर नव्हते. आत खाटेवर होते. पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं, तीन दिवस वाराही सरला नव्हता, पाणी घेतलं तरी उलटून पडत होतं.

"मले निरोप काहून नाही धाडला?" मी मोठीआईवर ओरडले.

"ते म्हनत होते, पोट्टीनं सांगतलं हाय, भरून राह्यलं. भरताना दुखनच म्हने."

बैलगाडीत घालून सडकेपर्यंत, तिथून कापसाच्या ट्रकमधून मालेगाव, पुढं दुसरी गाडी. ट्रकमध्ये मोठेबाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते म्हणाले, "कुटार जास्त झालं वाटते."

मला त्याच वेळी त्यांना सांगता आलं असतं. मी पाण्यानं ओला केलेला फडका त्यांच्या ओठांना लावत राहिले.

इस्पितळात तोच सर्जन होता. त्यानं आधीचा कागद मागितला. मी दिला. त्यानं वाचला आणि चढ्या आवाजात विचारलं, "इथं परत तुकडा काढायला सांगितलंय. चार महिने झाले. का आला नाहीत?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी खाटेवरून मोठेबाबा बोलले, "मीच नाही आलो साहेब. पोट्टी लय मांगं लागली होती. मले तुमच्या नळीचं भेव वाटलं."

सर्जननं मान हलवली आणि त्यांना आत घेतलं. मी गप्प राहिले. तेव्हा मला वाटलं, मोठेबाबांना काय झालं ते कळलंच नाही आणि ते आपले सहज बोलले.

ऑपरेशनमध्ये आतड्याचा वीतभर भाग काढला आणि मळाची वाट पोटावर काढून दिली. पुढं कायमच ती तशी राहिली. काढलेला भाग तपासायला गेला. आठवड्यानं रिपोर्टसाठी मी त्याच खिडकीवर गेले. कारकून म्हणाला, टाइप व्हायचाय. मी हलले नाही. म्हटलं, मी बी.एस्सी. आहे, मला तपासणाऱ्या डॉक्टरांना भेटायचंय. आता ते आठवून हसू येतं. पण त्या पदवीवर मी कुठंही धडकत असे, आणि दारं उघडतही.

तपासणाऱ्या डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, बोटांना जांभळा रंग लागलेला. विषय काय होता विचारलं, मी प्राणिशास्त्र म्हटल्यावर स्टूल पुढं सरकवलं. "बसा. बघा आणि काय दिसतं ते मला सांगा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गुलाबी पट्टेच्या पट्टे, पुरात गवत एका बाजूला झोपावं तसे. त्यांत ठायी ठायी लांबट टोकदार पेशी.

"फायब्रोब्लास्ट," मी म्हटलं.

"बरोबर. आणखी?"

मी स्लाइड हळूच सरकवली. बरंच सरकवल्यावर त्या पट्ट्यांच्या आत वेडीवाकडी, गडद कड्यांसारखी चार-पाच वर्तुळं दिसली. पेशी एकमेकींवर चढलेल्या, केंद्रकं फुगलेली.

"हे?"

"हा कॅन्सर."

"एवढाच?"

"या जागी एवढाच. हाताला लागते ती गाठ बरीचशी भोवतालच्या या पेशींची आणि त्यांच्या तंतूंची. म्हणून ती दगडासारखी लागते. पहिला तुकडा या भोवतालातला आला होता. त्यात कॅन्सर सापडला नाही, पण इतका दाट पसारा उगीच नसतो. म्हणून मी परत मागवला होता."

मी विचारलं, "मग या पेशी त्याला कोंडून धरत असतील ना? कुंपणासारखं?"

त्यांनी चष्मा खाली घेतला. "असं मानणारे लोक आहेत. मीही तेच शिकले. पण इतकी वर्षं बघतेय, तर जिथं हे जास्त दाट, तिथं तो बऱ्याचदा जास्त खोल गेलेला दिसतो. हे त्याला अडवतात की त्याची बाजू धरतात, मला छातीठोक सांगता येणार नाही. अजून कोणालाच येत नसावं."

"पण पेशी कॅन्सरच्या नाहीत."

"नाहीत. त्यांच्याच आहेत, तुमच्या काकांच्या."

मी म्हटलं, "तो पहिला रिपोर्ट गावात मीच वाचून दाखवला. मी सांगितलं, जखम भरतेय."

"शेवटपर्यंत वाचला नव्हता का?"

"वाचला होता. सांगितला नाही."

त्यांनी दुसरी स्लाइड लावली आणि रोग कुठवर पोचला आहे ते दाखवलं. जवळच्या दोन ग्रंथींत होता. चार महिन्यांपूर्वी तिथं नसता का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही. तुम्ही विचारूही नका, कारण उत्तर नाही." हे वाक्य मला तेव्हा कठोर वाटलं होतं.

आता त्या पेशींबद्दल बरंच लिहून येतं. निवृत्त झाल्यावरही मी वाचत असते. आतड्याच्या कॅन्सरभोवतीच्या या जोडऊतीच्या पेशी नुसत्या बघ्या नसतात. कॅन्सरच्या पेशी त्यांना फितवतात, आणि मग त्या त्याला वाढीचे निरोप देतात, पुढं सरकायला वाट करून देतात. सगळ्याच तशा नसतात, काही अडवतातही, असंही लिहितात. जांभळ्या बोटांच्या बाई बरोबर होत्या, आणि कळत नाही तिथं कळत नाही म्हणाल्या त्यातही बरोबर होत्या. मला ते दुसरं शिकायला जास्त वेळ लागला.

मोठेबाबांना घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी दोन्ही कागद घेऊन ओट्यावर बसले. कोणी वाचायला सांगितलं नव्हतं. मोठीआई म्हणाली, "राहू दे माय, झालं ते झालं." मी मामांना हाक मारली. खीर खाल्लेले बाकीचेही आले. मोठेबाबा भिंतीला टेकून बसले, पोटावर घड्या घातलेलं लुगड्याचं फडकं, त्यावर दुपट्टा.

आधी जुना कागद. मी इंग्रजी वाचलं. मग मराठीत एकेक ओळ. शेवटच्या ओळीला आले आणि म्हटलं, "याचा अर्थ, तुकडा पुन्हा काढून तपासा. हे मी त्या दिवशी सांगतलं नाही. सांगाले पाहिजे होतं."

एक बाई उठून गेली.

मग मामा म्हणाले, "मले आठवते तो शब्द. रिपीट. तू म्हनली होती. मी घरी जाऊन म्हनलं बी, याचं मराठी नाही आलं."

"मंग इचारलं काहून नाही?" मोठीआई त्यांच्यावर उसळली.

"बी.एस्सी.ले काय इचारू मी? जिनिंगवाला मानूस."

मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मलेबी आठवत होता. शेवटी इंग्रजीत काही म्हनलं तू, अन् अर्थ नाही सांगतला. मले वाटलं, इचारलं तर पुन्हा नळी. म्हून मीबी चूप."

म्हणजे इस्पितळात ते सहज बोलले नव्हते. मला झाकायला बोलले होते, आणि थोडं स्वतःलाही.

"म्हंजे खीर फुकट गेली म्हना," मामा म्हणाले.

"खीर कायची फुकट जाते? तीन वाट्या तर तूच चेपल्या," मोठेबाबा म्हणाले. हसणं कोणाला आवरलं नाही. ते हसले तेव्हा टाके दुखले, म्हणून त्यांनी पोट धरलं. मग मला म्हणाले, "दुसरा वाच."

दुसरा वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, रोग ग्रंथींत पोचल्याचंही. सूक्ष्मदर्शकात काय पाहिलं तेही सांगितलं. थोडासाच रोग आणि भोवती सगळं कुटार.

"अन् ते कुटार माहंच?"

"तुमचंच."

त्यांनी भिंतीवर हात फिरवला, ती त्यांनीच घातलेली होती. "कुटाराले काय समजते, भिंत कोनाची हाय? ज्यानं तुडवलं त्याची भिंत बांधते. तुह्यी गोष्ट चुकली नव्हती पोरी, अर्धी होती."

वाड्यातली रीत त्यानंतर बदलली. कागद वाचायला आणला की लोक म्हणायचे, "आंधी शेवटची ओळ सांग." मामा तर फवारणीच्या डब्याचीही शेवटची ओळ आधी ऐकायचे, आणि तिथं बहुधा कारखान्याचा पत्ता असायचा. मी निमूटपणे पत्ता मराठीत सांगत असे. काही घरं मात्र नंतर माझ्याकडे कागद घेऊन आली नाहीत. ते मला लागलं, पण त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मोठेबाबा पुढं तीन वर्षं जगले. दर सहा महिन्यांनी मी त्यांना तपासायला नेत असे, तारीख वहीत लिहून. दुपट्टा कमरेला आवळून ते पुन्हा भिंतीही घालायला लागले, लहानसहान. तिसऱ्या वर्षी, पाऊस लागायच्या महिनाभर आधी, तपासणीचा कागद घेऊन मी एकटीच परत आले. ते अंगणात मागच्या पडक्या भिंतीपुढं उभे होते.

"ओट्यावर नको," ते म्हणाले. "इथंच सांग. शेवटची ओळ."

मी सांगितली. रोग काळजात, म्हणजे यकृतात पोचला होता. आता कापण्यासारखं काही नव्हतं.

"पुरं सांगतलं?"

"पुरं."

"काही ठेवलं नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. मग मातीच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तर मंग माती भिजव. कुटार कोठ्यात हाय, दोन टोपले आन. पान्याच्या आंधी ही मांगची भिंत झाली पाहिजे, तुह्या मोठीआईले मी नसताना कोन घालून देईन?"

मी पदर खोचला, चपला काढल्या आणि कुटार आणायला गेले.